सेव्हन एमएमची साठ काडतुसं

ट्रॉय, मिशिगन
९ मार्च १९८६

ती. प्रतापदादा,
सा. नमस्कार.

फोनच करणार होतो, पण दिवाळीत तुम्हीच म्हणालात की "फोनवर माझं डोकं चालत नाही, काय ते लिहून कळवत जा." म्हणून लिहितोय.

ऑफिसात गाड्यांच्या ब्रेक टेस्टिंगला माझ्या शेजारच्या टेबलावर डेल म्हणून एकजण अकरा वर्षं बसतो. दर ऑक्टोबरला तो आणि त्याचा मेव्हणा वायोमिंगला एल्कच्या शिकारीला जातात. एल्क म्हणजे आपल्या सांबराचाच भाऊबंद, पण अंगाने घोड्याएवढा. यंदा त्याने मला विचारलं, "हेमचंद्र, तू येतोस का?" अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी विचार न करता हो म्हणालो, अर्ज भरला, आणि लायसन्सच्या लॉटरीत नाव लागलंसुद्धा.

नीला म्हणते, "तुला बाथरूममधलं झुरळ मारवत नाही, तू एल्क कसा मारणार?" मला एवढंच कळतं की इथे अठरा वर्षं राहून कोणीतरी मला अशा ठिकाणी बोलावलं, जिथे माझ्या डिग्रीचा काही उपयोग नाही. ते मला आवडलं.

आता मुख्य गोष्ट. आमच्या भागात हरणासाठीसुद्धा रायफल चालत नाही, शॉटगनच वापरावी लागते, त्यामुळे मला रायफलमधलं ओ की ठो कळत नाही. तिकडे मोकळा माळ आहे, गोळी लांब मारावी लागते, म्हणून वेगवान आणि सरळ जाणारं काडतूस हवं असं सगळे सांगतात. पण कोणतं? दुकानात गेलो तर भिंतभर डबे. टू-सेव्हन्टी, टू-एटी, सेव्हन एमएम, थ्री हंड्रेड. आकडा मोठा म्हणजे गोळी वेगवान असंही नाही. आपल्या अख्ख्या घरात रायफल धरलेले तुम्ही एकटे. तुम्ही सांगाल ते घेतो.

कांचनवहिनींना नमस्कार. आमची उत्तरा अॅन आर्बरला मजेत आहे, कॉलेजचं दुसरं वर्ष.

तुमचा,
हेमू


अर्विंग, टेक्सस
२० मार्च १९८६

चि. हेमूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून मी इतका खुशीत आहे की कांचन म्हणते, घरात लग्न ठरल्यासारखे काय वागताय.

डोक्यात गोंधळ नको. टू-सेव्हन्टी घे.

कारण सांगतो. माळावर जनावर किती लांब आहे हे डोळ्याला कळत नाही. तू म्हणशील दोनशे यार्ड, असेल तीनशे. संथ गोळी तोवर नऊ-दहा इंच खाली येते आणि जनावर जखमी होऊन पळतं. वेगवान गोळी सहा-सात इंचच खाली येते, म्हणजे छातीतच बसते. सरळ जाणाऱ्या गोळीचा फायदा एवढाच. ती तुझा नेम सुधारत नाही, अंदाजातली चूक थोडी पोटात घालते.

मोठ्या मॅग्नमच्या, म्हणजे जास्त दारूच्या काडतुसाच्या, नादी लागू नकोस. तिचा धक्का असा बसतो की माणूस घोडा ओढायच्या आधीच डोळे मिटतो. माझे वडील चांद्याच्या जंगलात रेंजर होते. ते म्हणायचे, डोळे मिटणाऱ्याच्या हाती तोफ दिली तरी फुकट.

आणि काडतुसं दुकानातली घेऊ नकोस. मी गॅरेजमध्ये स्वतः भरतो, पंधरा वर्षं भरतोय. रिकामी पितळी नळी, तिच्यात मापाने दारू, वर गोळी दाबून बसवायची. तुझी मी भरून देईन. रायफल घेतलीस की कळव.

नीलाला सांग, झुरळाची गोष्ट वेगळी. मलाही झुरळ मारवत नाही.

तुझा,
प्रतापदादा


ट्रॉय
१३ एप्रिल १९८६

ती. प्रतापदादा,
सा. नमस्कार.

टू-सेव्हन्टी घ्यायची ठरवूनच दुकानात गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "एल्कसाठी? हरणासाठी ठीक आहे, पण एल्कला ती छोटी पडते." डेल म्हणतो सेव्हन एमएम मॅग्नमच घे. त्याचा मेव्हणा म्हणतो थ्री हंड्रेडच्या खाली बात नाही. तिघेही आयुष्यभर शिकार करणारे. मग खरं कोणाचं?

शेवटी मी माझ्या पद्धतीने गेलो. कंपन्यांची पत्रकं आणली आणि तक्ता केला. दोनशे यार्डांवर नेम लावला तर तीनशेवर कोणती गोळी किती खाली येते? दादा, तुमच्या टू-सेव्हन्टीत आणि डेलच्या मॅग्नममध्ये अर्ध्या इंचाचाही फरक निघाला नाही. ज्यावरून माणसं दुकानात हमरीतुमरीवर येतात, तो फरक माझ्या नखाएवढा. त्यात एका दुकानदाराने सांगितलं की टू-एटी काडतुसाचं नाव मध्ये दोन वर्षं सेव्हन एमएम एक्सप्रेस केलं होतं. लोक ते आणि सेव्हन एमएम मॅग्नम एकच समजून भलतीच काडतुसं नेऊ लागले, तेव्हा परत जुनं नाव ठेवलं. म्हणजे गोंधळ माझा एकट्याचा नाही.

तुम्ही मात्र ठाम आहात, याचा मला आधार वाटतो. टू-सेव्हन्टी एल्कला पुरेल ना, एवढं एकदा सांगा, म्हणजे पुन्हा कोणाचं ऐकणार नाही.

हेमू


अर्विंग
२ मे १९८६

चि. हेमूस,
अनेक आशीर्वाद.

टू-सेव्हन्टीचं खूळ तुझ्या डोक्यात कोणी घातलं? डेलने? त्याचं ऐकू नकोस. मी पहिल्यापासून सांगतोय, सेव्हन एमएम मॅग्नम घे. एल्क म्हणजे काही बकरी नाही. त्याच्या खांद्याचं हाड फोडून आत जायचं तर जड गोळी हवी आणि तिला वेग द्यायला मोठी नळी हवी. धक्का थोडा लागतो, पण तू काही लहान नाहीस.

तुझा तक्ता मी भिंतीवर लावलाय. छान केलास. पण त्यात धक्क्याचा रकाना नाही, तो घाल.

काडतुसं मी भरून देईन, मागे सांगितलंच आहे. उत्तराची शाळा कशी चालली आहे? सायकल शिकली का?

प्रतापदादा


ट्रॉय
१८ मे १९८६

ती. प्रतापदादा,
सा. नमस्कार.

तुमचं मार्चचं आणि मेचं पत्र मी शेजारी-शेजारी ठेवून वाचलं. पहिल्यात टू-सेव्हन्टी आहे आणि मॅग्नमला नाव ठेवलंय, दुसऱ्यात बरोबर उलट. मी नीलाला दाखवलं. ती म्हणाली, "दादांनी तुझी फिरकी घेतली असेल. सायकलचं वाचलंस ना? उत्तरा वीस वर्षांची घोडी झाली." मलाही तसंच वाटतंय. किंवा मधल्या काळात तुम्ही पुन्हा विचार केला असेल. अनुभवी माणूस मत बदलतो, यात वावगं काही नाही.

तर काल सेव्हन एमएम मॅग्नम घेतली. दुकानातल्या काडतुसांनी दहा वेळा झाडून पाहिली. खांदा निळा झालाय. पहिल्या दोन गोळ्यांना डोळे उघडे होते, पुढच्या आठांचं सांगता येत नाही.

काडतुसं तुम्ही द्याल तीच ऑक्टोबरला नेईन. तुमच्या हातची काडतुसं नेतोय हे डेलला आधीच सांगून ठेवलंय.

हेमू


अर्विंग
१२ जुलै १९८६

चि. हेमूस,
अनेक आशीर्वाद.

साने यांचा अतुल मोटारीने डेट्रॉइटला येतोय, त्याच्याबरोबर साठ काडतुसं पाठवतोय. वीस-वीसचे तीन डबे. सेव्हन एमएम मॅग्नम. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आहे.

तीन आठवडे लागले. पूर्वी तीन दिवसांत व्हायची. हल्ली मध्येच उठून कशाला आत गेलो होतो ते आठवत नाही, मग परत येऊन कुठवर आलो होतो ते बघावं लागतं. वय झालं, दुसरं काय. शिवाय सप्टेंबरच्या होला पक्ष्यांच्या शिकारीसाठी शॉटगनची काडतुसंही याच टेबलावर भरतोय, त्यामुळे पसारा फार.

पण तुझ्यासाठी भरताना मला जे वाटलं ते सांगतो. नागपूरला तुमच्या घरी शिकायला राहिलो, तेव्हा तू पाळण्यात होतास. मावशीने मला सात वर्षं पोटच्या मुलासारखं जेवू घातलं. त्याची परतफेड काय करणार? पण तिच्या मुलाला उपयोगी पडेल असं काहीतरी या हातांनी केलं, याचं समाधान आहे.

रेंजवर झाडून बघ आणि कळव. वाट पाहतोय.

प्रतापदादा


ट्रॉय
१० ऑगस्ट १९८६

ती. प्रतापदादा,
सा. नमस्कार.

काडतुसं मिळाली. कळवायला उशीर झाला, माफ करा. ऑफिसात काम फार होतं.

रेंजवर झाडून पाहिली. उत्तम आहेत. शंभर यार्डांवर तीन गोळ्या दीड इंचात बसल्या. डेलने बघून विचारलं, "तुझा कझिन माझ्यासाठी भरेल का?"

तुम्ही एवढे कष्ट घेतलेत. आता आराम करा.

हेमू


अर्विंग
४ सप्टेंबर १९८६

चि. हेमूभाऊजी,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी यांना न सांगता लिहितेय. मंडळाच्या गणपतीच्या तयारीला म्हणून केळकरबाईंकडे आले आहे, तिथे बसून लिहितेय. आमचा फोन बैठकीत आहे आणि हे दिवसभर तिथेच असतात, म्हणून बोलता येत नाही.

तुमचं ऑगस्टचं पत्र आल्यापासून हे बदलले आहेत. इतके आनंदी मी त्यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं. येईल त्याला ते पत्र वाचून दाखवतात. दीड इंच, दीड इंच. रोज गॅरेजमध्ये जाऊन बसतात. तुमच्या डेलसाठी वीस भरून झाली आहेत. शेजारचे गिरीश नोव्हेंबरात हरणाला जातात, त्यांच्यासाठी आता भरताहेत.

पण भाऊजी, मला भीती वाटते. जूनमध्ये हे दुकानातून दूध आणायला गेले आणि तीन तासांनी पंचवीस-तीस मैलांवरच्या फोर्ट वर्थहून फोन केला की रस्ता सापडत नाही. बँकेच्या चेकवर दोनदा जुना पत्ता लिहिला. मी कोणाला बोलले नाही. विसरतात म्हटलं की त्यांना राग येतो, म्हणून मी आणि मुली हो ला हो करतो. परवा गॅरेज झाडताना पाहिलं, तर दारूच्या दोन डब्यांची झाकणं एकमेकांवर लावलेली होती. मला त्यातलं काही कळत नाही. मी ती बदलून ठेवली. आता मी केलं ते तरी बरोबर होतं का, हेही कळत नाही.

तुम्ही इंजिनिअर आहात. तुम्ही साठ काडतुसं झाडलीत. ती सगळी चांगली होती ना? तुम्ही हो म्हणालात तर माझी काळजी मिटेल.

तुमची,
कांचनवहिनी


ट्रॉय
९ सप्टेंबर १९८६

ती. प्रतापदादा,
सा. नमस्कार.

काल मी तुमच्याशी फोनवर बोललो नाही, फक्त वहिनींना सांगितलं की गॅरेजला कुलूप लावा, गिरीशना काही काडतुसं दिली असतील तर ती परत आणा आणि माझं पत्र येईपर्यंत थांबा. तुम्ही त्यांच्यावर रागावला असाल. रागवायचं तर माझ्यावर.

दादा, मी खोटं लिहिलं. तुमचं एकही काडतूस मी झाडलेलं नाही. दीड इंच वगैरे सगळं मनाचं.

झालं असं की डबे आले तेव्हा मी ते लॅबमध्ये नेले. आमची सवयच अशी, गाडीला बसवायच्या आधी प्रत्येक भाग वजन करून बघायचा. खरं सांगतो, नुसती सवय नव्हती. तुमची दोन पत्रं माझ्या डोक्यातून जात नव्हती. काडतुसांच्या नावांमुळे गोंधळ झाला असेल, असं मी मे महिन्यापासून स्वतःला समजावत होतो.

पहिले दोन डबे सारखे भरले. तिसऱ्यातली सात काडतुसं दीड ग्रॅम हलकी निघाली. त्यातलं एक मी उघडलं. गोळी काढून दारू कागदावर ओतली. पहिल्या डब्यातल्या काडतुसात लांबट काळे दाणे होते. यात चपटे, पापुद्र्यासारखे. ती शॉटगनची दारू होती. तुमच्या मापाने ती तेवढीच बसली, फक्त वजनाला कमी भरली. तुम्हाला मी काय सांगावं? ती एका क्षणात जळते. मॅग्नमच्या नळीत ती भरून घोडा ओढला असता, तर रायफलचा मागचा भाग माझ्या तोंडावर फुटला असता.

मी ती सातही पाण्यात टाकली आणि घरी आलो. नीलाने विचारलं, तर तिलाही खोटंच सांगितलं. मग तुम्हाला ते पत्र लिहिलं. मला वाटलं, साठ भरून झाली, आता तुम्ही काही भरणार नाही. म्हाताऱ्या माणसाचा आनंद कशाला हिरावून घ्यायचा? डेल तसं काही म्हणाला नव्हता, तेही मी वाढवून लिहिलं. त्या एका वाक्यामुळे तुम्ही पुन्हा टेबलावर बसलात. गिरीश ती काडतुसं घेऊन नोव्हेंबरात गेले असते. याची जबाबदारी तुमची नाही, माझी आहे. तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

तुम्ही भरलेली सगळी उघडावी लागतील. आणि तुमच्या मंडळातल्या पद्मिनीबाई डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे एकदा जाऊन या. ही वयाची गोष्ट नाही, दादा. नुसत्या वयाने असं होत नाही.

हेमू


अर्विंग
२८ ऑक्टोबर १९७६

चि. हेमूस,
अनेक आशीर्वाद.

उत्तर द्यायला दीड महिना लावला. आधी राग आला होता. मी कांचनला म्हणालो, हा परवाचा पोरगा मला दारू ओळखायला शिकवतो. दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी किल्ली मागितली. ती म्हणाली, "मी बरोबर बसते, मग देते."

चार दिवस आम्ही दोघं गॅरेजमध्ये बसलो. मी एकेक काडतूस काट्यावर ठेवायचो, ती आकडा मोठ्याने वाचायची. डेलच्या विसांत चार वाईट निघाली. गिरीशच्या विसांत पाच. ती मी कधी भरली ते मला आठवत नाही. हे लिहिणं किती कठीण आहे ते तुला कळणार नाही. चूक आठवली तर माणूस म्हणू शकतो की त्या दिवशी झोप झाली नव्हती, कोणीतरी हाक मारली. मला काहीच आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच, की तुझे डबे बांधताना मला फार आनंद झाला होता. त्या आनंदात मी तुला काय पाठवत होतो!

पद्मिनीबाईंनी तपासलं. त्यांनी मला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि पाच मिनिटांनी विचारले. मला एकही सांगता आला नाही. कांचन बाजूला बसून माझ्यासाठी पुटपुटत होती. मी तिला म्हणालो, सांगू नकोस.

तेच तुला सांगायचं आहे. गेलं वर्षभर घरातले सगळे माझ्याशी फार चांगलं वागताहेत. मी काहीही बोललो तरी हो म्हणतात. तुम्हाला वाटतं त्याने मला बरं वाटतं. मला वाटतं की मी धुक्यात चाललोय आणि ज्याला रस्ता विचारावा तो म्हणतो, तुम्ही जाल तोच बरोबर. मग मी ओळखू कशावरून? तू पहिल्यांदा नाही म्हणालास. त्याचा मला राग आला, पण पायाखाली काहीतरी घट्ट लागलं. यापुढे माझं चुकलं की तिथल्या तिथे सांग. गोड बोलू नकोस.

रायफली गिरीशच्या कपाटात ठेवल्या. डॉक्टरांनी मोठ्या तपासणीसाठी तेरा नोव्हेंबरची तारीख दिली आहे, त्यात डोक्याचा फोटो काढणार आहेत.

एल्क मिळाला का? मला कोणी सांगत नाही. टू-सेव्हन्टी कशी चालली?

मावशीला माझा नमस्कार सांग. तिला बरेच दिवसांत पत्र नाही लिहिलं. रागावली असेल.

प्रतापदादा


ट्रॉय
४ नोव्हेंबर १९८६

ती. प्रतापदादा,
सा. नमस्कार.

पत्र शनिवारी मिळालं. तीनदा वाचलं.

एल्क मिळाला. पाच दिवस मी दुर्बिणीतून लांबलांबची टेकाडं बघत होतो, तीनशे यार्ड, चारशे यार्ड, तक्ता खिशात. सहाव्या दिवशी सकाळी झाडीतून एक नर बाहेर आला, तो साठ पावलांवर. तुमच्या चांगल्या काडतुसांना मी घाबरत नव्हतो, वजन बरोबर होतं, पण नीलाला सगळं खरं सांगितल्यावर तिने शपथ घातली, म्हणून दुकानातली नेली होती. एका गोळीत पडला. डेल पाठीवर थाप मारून हसत होता. मी एल्कच्या मानेवर हात ठेवला. मान गरम होती. आनंद झाला की वाईट वाटलं, मला ठरवता आलं नाही, अजूनही येत नाही. डेलला तसं म्हणालो, तर तो म्हणाला, "मला चोवीस वर्षं ठरवता आलेलं नाही." मग आम्ही कामाला लागलो.

आता तुम्ही सांगितलंत तसं करतो. पत्रात तीन चुका आहेत.

पहिली, हे १९८६ साल आहे. तुम्ही वर १९७६ लिहिलंत.

दुसरी, माझी रायफल सेव्हन एमएम मॅग्नम आहे, टू-सेव्हन्टी नाही. मार्चमध्ये तुम्ही टू-सेव्हन्टी सांगितली होती, मेमध्ये मॅग्नम. मार्चचा सल्ला माझ्या खांद्याला जास्त मानवला असता.

तिसरी लिहू की नको, यात दोन दिवस गेले. नीला म्हणाली, "ही राहू दे, काय बिघडतं?" पण मग मी पुन्हा तेच करेन. दादा, आई आता नाही. पाच वर्षांपूर्वी फेब्रुवारीत नागपूरला गेली. झोपेतच गेली, त्रास झाला नाही. तुम्ही अर्विंगहून निघालात आणि तेराव्याला पोहोचलात, सगळ्यांचं जेवण झाल्यावर तिच्या खोलीत एकटे बसून होतात. ती तुमच्यावर रागावलेली नव्हती. शेवटच्या पत्रातसुद्धा तिने विचारलं होतं, प्रतापची काही खबर?

हे तुम्ही आज पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाटेल, हे मला माहीत आहे. पत्र हातात देताना जवळ बसा, असं मी वहिनींना फोनवर सांगितलंय. वाचून झालं की मला फोन लावायला सांगा. डोकं चाललं नाही तरी चालेल, बोलायलाच हवं असं नाही. मी घरीच असेन.

बाराला दुपारच्या विमानाने येतो. तेराला आपण तिघं डॉक्टरांकडे जाऊ. गाडी मी चालवेन, आणि आत मीही तुमच्याबरोबर बसेन. काही पुटपुटणार नाही.

तुमचा,
हेमू